उंदरांची पाककृती

मडक्यात गहू घ्यावेत. मडक्याच्या तोंडात घामट, मळका सदरा कोंबावा. 21 दिवस थांबावं. गव्हाचे उंदीर होतात.

ही कृती कुणा मांत्रिकाची नव्हे. ती ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या मातबर वैद्य-रसायनज्ञाची आहे. उंदरांत नर-मादी दोन्ही निघतात, आणि पिल्लं नव्हे तर थेट वयात आलेले निघतात, याचं त्याला कोण अप्रूप! त्याच्या घरच्या स्वयंपाकिणीला हे ऐकून काय वाटलं असेल, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

पण त्याला हसून मोकळं होता येत नाही. झाड नेमकं खातं काय, हा प्रश्नही याच गृहस्थाला पडला होता. मातीच खात असणार, अशी सर्वांची समजूत. त्याने भट्टीत सुकवलेली 200 पौंड माती मोठ्या कुंडीत भरली, तीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं (आपल्या वाळुंजाचं युरोपातलं भावंड) आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. धूळ पडून हिशेब चुकू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेला, कल्हई केलेला पत्रा बसवला. शेवटी झाड भरलं 169 पौंड. माती पुन्हा सुकवून तोलली, तर घटली होती जेमतेम 2 औंस.

एका कुंडीपायी पाच वर्षं! तेवढ्या काळात एखाद्या पंडिताने याच प्रश्नावर तीन ग्रंथ पाडले असते, आणि त्यांत कुठेही तराजू आला नसता. मला तर वाटतं, प्रयोगविज्ञान जन्माला आलं ते बुद्धिमत्तेपेक्षा असल्या चिवट, जरा हास्यास्पद उद्योगांतून.

निष्कर्ष मात्र चुकला. झाड निव्वळ पाण्याचं बनतं, असं त्याने ठरवलं. खरी गंमत तर पुढेच आहे. याच हेल्मोंटने लिहिलंय की 62 पौंड लाकडी कोळसा जाळला की राख उरते 1 पौंड, बाकी सगळा अदृश्य वायू होऊन निघून जातो. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. झाडाचा शिधा त्याला सापडला होता, फक्त तो कुणाचा हे कळलं नाही. 1644 मध्ये तो वारला. चार वर्षांनी मुलाने त्याचं लेखन छापलं, तेव्हा विलो आणि उंदीर एकाच ग्रंथात शेजारी नांदू लागले.

म्हणजे कुतूहल हा काही माणसाचा कायमचा गुण नसावा. ते प्रश्नागणिक येतं-जातं. झाडाबद्दल शंका होती, म्हणून पत्रा बसवला. उंदरांबद्दल खात्री होती, म्हणून सदरा पुरला.

झाकणाचं महत्त्व पुढे फ्लॉरेन्सच्या राजवैद्याने, फ्रान्चेस्को रेदीने ओळखलं. मांसात अळ्या आपोआप होतात, असं तेव्हा मानत. त्याने साप, मासे, वासराचं मांस बरण्यांत ठेवलं. काही बरण्या उघड्या, काही बंद. हवा कोंडली म्हणून अळ्या झाल्या नाहीत, असं कुणी म्हणू नये यासाठी काहींवर तलम कापड बांधलं. माश्या कापडावर घोंगावत राहिल्या, आतलं मांस सडलं, पण अळी पडली नाही. 1668 मध्ये त्याने हे सगळं छापलं.

आणि त्याच रेदीने झाडांवरच्या गाठींतल्या अळ्या पाहून लिहिलं, की या झाडच निर्माण करतं! त्या गाठी किड्यांच्या अंड्यांमुळे येतात, हे दाखवायला 1679 मध्ये मार्चेल्लो माल्पीगी यावा लागला.