कटऑफकाका

जून उजाडला की आमच्या बार्शीत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते, पावसाची आणि नीटच्या निकालाची. पावसाबद्दल कुणीही बोलावं. नीटबद्दल बोलायचा अधिकार मात्र आमच्या गल्लीने एकाच माणसाला दिलेला आहे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि लाइटबिलावर आहे. बाकी सगळीकडे ते कटऑफकाका. असा एक इसम महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. लातूर जवळ असल्यामुळे आमचा जरा जास्त पिकलेला आहे, इतकंच.

काका पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं: निळं राज्याच्या कोट्यासाठी, लाल ऑल इंडियासाठी. काखेत रेक्झिनची बॅग आणि बॅगेत जाडजूड रजिस्टर. ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के ऑल इंडियाच्या, हा हिशेब ते समोरच्याने न विचारता सांगतात. घरी वाणसामान काय आणायचं हे काकूंना चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. पण तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या फेरीत मिरजेची शेवटची सीट किती गुणांना गेली, हे काका जेवता जेवता सांगतात.

या व्यासंगाचं मूळ जुनं आहे. बारावीच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळायचा, त्या काळात काका बारावी झाले. त्या पिढीतल्या निम्म्या पुरुषांचं मेडिकल दोन मार्कांनी हुकलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्यांना वडलांनी जाऊ दिलेलं नसतं. काका पहिल्या गटातले. पुढे त्यांच्या मुलाने हार्डवेअरचं दुकान टाकलं. पोरगा सुखात आहे, महिन्याला चार पैसे शिल्लक टाकतो, रात्री शांत झोपतो. काकांना त्याच्याबद्दल विशेष काही बोलायचं नसतं, कारण त्याला कटऑफ नाही.

४ जून २०२४ हा दिवस देशाने लोकसभेची मतमोजणी बघण्यात घालवला. त्याच दिवशी नीटचा निकाल लागला. सरकार कुणाचं येतंय, हे काकांना दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते आणि काका रजिस्टर मांडीवर घेऊन थरथरत होते. कुणालातरी ७१९ पडल्याचं कळल्यावर तर ते सरळ चौकात आले. "१८० प्रश्न," ते पानपट्टीवाल्याला म्हणाले, "बरोबरला चार, चुकीला वजा एक. समदे बरोबर आले तर ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मग हे ७१९ आलं कुठनं?" पानपट्टीवाल्याला याची काहीच कल्पना नव्हती, तरी तो ओशाळला. पुढे वाढीव गुणांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १५६३ जणांचे ते गुण रद्द झाले, त्यांना फेरपरीक्षा मिळाली आणि पैकीच्या पैकीवाले शेवटी १७ उरले. कोर्टाच्या आधी आपण बोललो होतो, असं काकांचं म्हणणं आहे. पानपट्टीवाला साक्षीदार आहे.

त्याआधीचा मोठा धक्का २०२० सालचा. तोवर मेडिकलच्या जागांना ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. बारावी कुठल्या विभागातून केली, त्यावर नशीब ठरायचं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे उर्वरित महाराष्ट्रात. पलीकडे वीसेक किलोमीटरवरची येडशी मराठवाड्यात. मधल्या रस्त्यावर नेमका कुठे कटऑफ बदलतो, ते काका एसटीतून जाताना बोटाने दाखवायचे. त्या सप्टेंबरात सरकारने कोटा रद्द केला. मराठवाड्यात पेढे वाटले आणि काकांची तीन रजिस्टरं एका रात्रीत निकामी झाली. रद्दीत घालायला त्यांनी काकूंना साफ मनाई केली. "सरकार बदलतंय ओ," ते म्हणाले. "कोटा परत बी येईल."

गल्लीतल्या गुरुजींच्या पोरीला गेल्या वर्षी दोन मेडिकल कॉलेजं लागली, तेव्हा काकांना खरा सूर सापडला. दोन कॉलेजं लागायचं कारणही घरगुतीच होतं. ऑल इंडियाचा पसंतीक्रम गुरुजींनी भरला होता, त्यात नागपूर वर. राज्याचा भरताना वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्यात सोलापूर वर. दोन्ही याद्यांत मुलीचं नाव आलं. नवरा-बायकोत वीस वर्षं न मिटलेला वाद दोन सरकारी यंत्रणांनी प्रत्येकी एकाच्या बाजूने निकाली काढला होता.

मूळ कागदपत्रं एकाच ठिकाणी जमा होतात, त्यामुळे दोन्हीकडे पाय ठेवायची सोय नाही. दोन चांगली स्थळं एकाच आठवड्यात सांगून आल्यावर घराचं जे होतं, ते गुरुजींच्या घराचं झालं. आनंद करायला कुणाला फुरसत नव्हती. मुदतीला चार दिवस उरले होते. काकांना निरोप गेला. मलाही बोलावणं आलं, बहुधा पंच म्हणून.

काका आले. आल्याबरोबर त्यांनी पंखा बंद करायला लावला, कागद उडतात म्हणून. पोह्यांची बशी बाजूला सारली. रजिस्टरचं कोरं पान काढून स्टीलच्या पट्टीने मधोमध रेघ मारली. डावीकडे सोलापूर, उजवीकडे नागपूर. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, ती कोपऱ्यात डब्यांच्या पिशवीवर बसली होती, कारण खुर्च्या संपल्या होत्या.

"दहापैकी गुण द्यायचे," काका म्हणाले. "भावनेला जागा नाही. पहिला रकाना, स्थापना. सोलापूर १९६३. नागपूर १९४७. देश स्वतंत्र झाला त्या सालचं कॉलेज हाय, गुरुजी. नागपूरला नऊ, सोलापूरला सात."

"म्हंजे लई जुनं," आजी म्हणाली. "पत्रं गळत असत्याल."

काकांनी नागपूरचा एक गुण कमी केला.

"दुसरं, नाव. नागपुरात रिक्षात बसून नुसतं 'मेडिकल' म्हणायचं, पुढं काय बोलायची गरज न्हाई."

"सोलापुरात 'सिव्हिल' म्हटलं तरी पोचवतोय की ओ," वहिनी म्हणाल्या. बरोबरी.

"तिसरं, पेशंट लोड." हे शब्द काका इंग्रजीतच बोलतात आणि ते उच्चारताना त्यांचा चेहरा उजळतो; आजारी माणसं जितकी जास्त तितका तो उजळतो. नागपूरला अख्खा विदर्भ येतो, शिवाय मध्य प्रदेश आणि छत्तीसगडकडचे पेशंट. सोलापूरला धाराशिवकडचे आणि सीमेपलीकडून कर्नाटकातले. गुरुजी नागपूरच्या बाजूने खाकरले. वहिनींनी मुद्दा काढला की सोलापुरात मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही कानावर पडते, पोरीला फुकटात भाषा येतील. भाषेचा रकाना नवा घातला गेला.

असे रकाने वाढत गेले. हवामानात दोघांनाही दोन-दोन मिळाले, कारण मे महिन्यात दोन्ही शहरं माणसाला राहू देत नाहीत. जेवणात सावजी रस्सा आणि शेंगाचटणी यांच्यात आजीने ठाम कौल दिला. शेवटी बेरीज केली तर दोन्हीकडे एकसष्ट. काकांनी पुन्हा बेरीज केली, लाल पेनाने. तरी एकसष्टच. मग त्यांनी खालच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'विमानतळ', आणि नागपूरला आठ देऊन टाकले. गुरुजींच्या घरातलं कुणी आजवर विमानात बसलेलं नाही. तरी गुरुजींची मान अभिमानाने हलली.

तेवढ्यात मुंबईहून मामाचा फोन आला. स्पीकरवर टाकला. "केईएम सोडून बाकीच्यांचं काय लावलंय?" मामा म्हणाला. केईएम मिळालेलंच नाही, हे त्याला सांगायला पाच मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर मुंबई आपल्याला नकोच होती, यावर प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, दोन्ही कॉलेजं सरकारी. विद्यापीठ एकच, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रश्नपत्रिका एकच, परीक्षेचा दिवस एकच. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, तीही दोन्हीकडे सारखी. पदवीच्या कागदावर शिक्कासुद्धा एकच. पुढे पीजीला पुन्हा नीट आहेच, तिथे कॉलेजचं नाव कोण विचारतं?"

खोलीत शांतता पसरली. काकांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. माझं म्हणणं चुकीचं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. ते बरोबर आहे, हीच त्यांची अडचण होती. दोन कॉलेजांत डोंगराएवढा फरक असल्याशिवाय काकांना कुणी चहाला बोलवत नाही. "तसं नसतंय," ते अखेर म्हणाले. "तुम्ही आर्ट्सचे."

यावर मला उत्तर नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून पहिल्यांदा आवाज आला. "काका, हॉस्टेलला एका खोलीत किती जणी असतात?"

काकांनी रजिस्टर चाळलं. मागची पानं चाळली. बॅगेतून दुसरं रजिस्टर काढलं. पहिल्या फेरीचे, दुसऱ्या फेरीचे, अगदी शेवटच्या स्ट्रे व्हेकन्सीच्या फेरीचेही आकडे होते. प्रवर्गनिहाय, मुलगा-मुलगी वेगळे. खोलीत किती खाटा, हे कुठेच नव्हतं. "ते काय," काका म्हणाले, "तिथं गेल्यावर कळतंय."

पोरगी उठून गच्चीवर गेली. तिच्या लातूरच्या क्लासमधल्या दोन सिनिअर, एक सोलापुरात आणि एक नागपुरात, दोघींना तिने फोन लावले. आम्ही खाली पीजीच्या जागांच्या रकान्यावर भांडत असताना तिला वर पाणी किती वाजता येतं, मेस कोण चालवतं, डिसेक्शनला एका बॉडीभोवती किती मुलं उभी राहतात, कॅज्युअल्टीत इंटर्नना टाके घालू देतात की नुसते रिपोर्ट आणायला पळवतात, रात्री वॉर्डातून हॉस्टेलला येताना वाटेत दिवे असतात का, हे सगळं कळलं. साडेपाच वर्षं जिथे काढायची, त्या जागेची एवढी माहिती आमच्या टेबलावरच्या सगळ्या कागदांत मिळून नव्हती.

ती खाली आली तेव्हा वहिनी म्हणत होत्या, "माझं एकच म्हणणं हाय. सोलापूरला रात्री पोरीच्या पोटात दुखलं तर दोन तासांत मी तिथं पोचते."

"आणि मी बी येईन की, दर शनिवारी," काका म्हणाले. "लक्ष ठेवायला."

पोरगीने दोघांकडे बघितलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "मी नागपूरला जाते."

कारण विचारलं तर ती म्हणाली, तिकडे पेशंट जास्त आहेत. ते खरंच होतं, त्यामुळे कुणालाच काही बोलता आलं नाही. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. गुरुजींनी विजयाचा आनंद दाबण्याचा प्रयत्न केला आणि तो त्यांना जमला नाही. काकांनी पानाच्या उजव्या बाजूला लाल पेनाने गोल केला आणि खाली लिहिलं: 'माझ्या सल्ल्याने.'

मग त्यांनी कागदपत्रं हातात घेतली आणि मला मान्य केलं पाहिजे, त्या क्षणी तो माणूस वेगळाच झाला. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, मेडिकल फिटनेस, एकेक कागद उजेडात धरून त्यांनी तपासला. दहावीच्या सनदेवर आईच्या नावात एक वेलांटी दीर्घ आणि आधारवर तीच ऱ्हस्व, हे त्यांना दिसलं. घरात इतक्या दिवसांत कुणाला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील उघडायच्या आधी काका पायरीवर हजर होते. जुन्या ओळखीच्या क्लार्कला गाठून त्यांनी दुपारपर्यंत प्रतिज्ञापत्र करून आणलं, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढल्या, क्रमाने लावल्या आणि पैसे घ्यायला नकार दिला. कॉलेज निवडण्याच्या कामी काकांचा उपयोग शून्य. पण निवडलेलं कॉलेज हातचं जाऊ नये, एवढ्यासाठी प्रत्येक गल्लीत एक काका हवा.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलापुढे मिरज की धुळे असा पेच होता. तिथे काकांनी मिरज घ्यायला लावलं. कारण, "घराजवळचं कधी सोडू नये."

दिवाळीनंतर काकांना ताप भरला. डेंग्यूचा संशय म्हणून एका दवाखान्यात दाखल केलं. सलाइन लावायला एक तरुण डॉक्टर आला. कुठे दुखतंय, कधीपासून ताप आहे, असं तो विचारत होता आणि काका त्याला विचारत होते, "राज्य कोटा का ऑल इंडिया? पहिली फेरी का दुसरी? स्कोअर किती होता?" बिचाऱ्याने सुईवरची नजर न काढता सगळी उत्तरं दिली. पहिल्यांदा सुई हुकली. दुसऱ्यांदाही हुकली. काकूंचा पारा चढला, त्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायला निघाल्या. काकांनी सुजलेल्या हाताने त्यांना थांबवलं.

"गप बस," ते म्हणाले. "६९२ मार्कांचा पोरगा हाय तो. त्याची सुई कशी चुकंल? माझी शीरच जागेवर नसंल."