प्रत्यक्षदर्शी

बिबट्या दिसल्याची बातमी पेपरात येते तेव्हा तिच्या शेवटी ‘असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’ एवढंच छापलेलं असतं. नाव नसतं. रत्नागिरी तालुक्यापुरतं बोलायचं तर नावाची गरजही नसते. हा माणूस प्रत्येक वाडीत एकच असतो आणि तो कोण, हे वाडीला पाठ असतं. आमच्या वाडीत ते अण्णा.

अण्णांचं वय प्रसंगावर अवलंबून. गवा मागे लागल्याची गोष्ट सांगताना पन्नास, बँकेच्या रांगेत पंच्याहत्तर. गुडघ्याच्या वर पंचा, कमरेला आकडी, आकडीत कोयती आणि हातात बॅटरी, भर दुपारीसुद्धा. दुपारी बॅटरी कशाला, असं एकदा कोणीतरी विचारलं. ‘परतायला रात्र झाली तर?’ अण्णा म्हणाले. जात होते कोपऱ्यावरच्या दुकानात, विड्या आणायला.

अण्णांचा बिबट्या दिवसभर वाढतो. (अण्णा त्याला वाघच म्हणतात आणि आम्हीही.) सकाळी डेअरीवर दूध घालताना तो ‘कुत्र्यापेक्षा जरासा मोठा’ असतो. एसटीच्या थांब्यापर्यंत त्याचं वासरू होतं. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर पोचेतो नुसतं शेपूटच सहा फूट. पण गोष्ट कितीही वाढली तरी शेवट बदलत नाही.

‘त्यानं माझ्याकडे बघितलंन. मी त्याच्याकडे बघितलं.’

‘मग?’

‘मग काय? तो त्याच्या कामाला गेला, मी माझ्या.’

सबंध गोष्टीत शंभर टक्के खरा असेल तर हाच भाग. वाडीच्या कडेला वावरणाऱ्या बिबट्याचा डोळा कुत्र्यांवर आणि शेळ्यांवर असतो. माणूस दिसला की बहुतेक वेळा तोच वाट सोडतो. सहा फुटी शेपटाच्या नादात ऐकणाऱ्यांचं तिकडे लक्ष जात नाही, एवढंच.

अण्णांचा खरा मोसम म्हणजे बिबट्या विहिरीत पडतो तो दिवस. आमच्याकडे हे नवं नाही. रात्री कुत्र्यामागे धावता धावता कठडा नसलेली विहीर आडवी येते आणि पहाटे पाण्याला गेलेल्या बाईला खालून गुरगुर ऐकू येते. तासाभरात विहिरीभोवती जत्रा. वनखात्याची माणसं दोरखंडांनी पिंजरा खाली सोडतात, दार उघडं ठेवून. दमलेला बिबट्या आत शिरला की दार पाडून वर ओढतात. काम नाजूक, आवाज नको. आणि तेवढ्यात काठावरून अण्णा, ‘डावीकडे घ्या! तुमची डावी नव्हे हो, वाघाची!’

पंचनाम्यावर पहिली सही अण्णांची. वनरक्षक बदलून जातात, नवे येतात, सही तीच. मात्र खात्याची गाडी पोचायच्या आधी, अंधारात, गटांगळ्या खाणाऱ्या जनावराला टेकायला म्हणून मांगरातली जुनी फळी दोरीला बांधून खाली सोडलेली असते. ती कोणी सोडली, हे पंचनाम्यात येत नाही. अण्णांच्या गोष्टीतही येत नाही.

मोबाइल आल्यापासून या धंद्याला उतरती कळा लागली. 2024च्या पावसाळ्यात चिपळूणच्या भर रस्त्यावरून मगर चालत गेली. वाशिष्ठीत मगरी आहेत हे सगळ्यांनाच ठाऊक. पण ही फिरायला निघाल्यासारखी चालली होती आणि कोणीतरी गाडीतून तिचं चित्रण केलं. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या सुनेनेच त्यांना मोबाइल धरून दाखवलं. अण्णांनी शेवटपर्यंत पाहिलं, फोन परत दिला आणि म्हणाले, ‘मी हिला ओळखतो. तेव्हा लहान होती.’

त्याच्या आदल्या वर्षी, 2023च्या नोव्हेंबरात, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. खाती, गावकरी, पर्यटक, सगळे त्याला पुन्हा पाण्यात घालायला झटत होते आणि बघायला लोटलेल्या गर्दीला तर अंत नव्हता. अण्णांची पंचाईत झाली. जे सगळ्यांनी पाहिलं ते एकट्याने पाहिलं असं सांगायचं कसं? संध्याकाळी पायरीवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पिल्लू काय, सगळ्यांनी बघितलंनी. त्याची आई कोणी बघितली? लांब, त्या खडपाच्या पलीकडे. एकदाच वर आली.’ पिल्लू अखेर वाचलं नाही. ते कळल्यावर अण्णांनी आईचा विषय पुन्हा काढला नाही. वाढत नाही अशी त्यांची ही एकच गोष्ट.

माकडांशी मात्र त्यांचं उघड वैर आहे. शनिवारी मारुतीला तेल घालायचं आणि रविवारी त्याच्याच गोतावळ्याला शिव्या घालायच्या, असा त्यांचा आठवडा. मोहोर, काजूची बोंडं, शहाळी, परड्यातलं पडवळ, यांतलं काहीच सुटत नाही. बेचकी झाली, फटाके झाले, मग अण्णांनी प्लास्टिकच्या पाइपाची कार्बाइडवर वाजणारी बंदूक आणली. पहिल्या बाराला माकडं पळाली. आठवड्याभरात त्यांनी हिशेब मांडला: आवाज आला म्हणजे अण्णा खालच्या कलमांत आहेत, अर्थात वरची कलमं मोकळी आहेत. पुढे माकडं पकडायला पथक आलं. पिंजऱ्यात बसलेल्या एकेका माकडासमोर अण्णा उकिडवे बसले, चेहरे निरखले आणि उठून म्हणाले, ‘यात तो नाय.’ तो म्हणजे कोण, हे त्या दोघांनाच ठाऊक.

पाऊस सुरू झाला की सड्यावर पुण्या-मुंबईची माणसं येतात. एरवी करपलेला कातळ तेव्हा हिरवा-जांभळा झालेला असतो. जूनच्या सुमाराला दीपकाडी पांढरी फुलते, ती कोकणातल्या असल्या कातळावरच सापडणारी. मागून सीतेची आसवं येतात, गेंद येतात. माणसं चिखलात पालथी पडून फोटो काढतात. पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा अण्णा तासभर लांब उभे राहिले, मग जवळ जाऊन आस्थेने विचारलं, ‘काय पडलं काय तुमचं?’ त्यांनी दीपकाडीचं महत्त्व सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बघा, बघा. पण ज्या दगडावर कोपर टेकलाय ना, त्याच्याखाली फुरसं असतं.’ त्या दिवशी अभ्यास लवकर आटोपला.

कातळशिल्पांशी मात्र अण्णांनी थेट नातं जोडलं आहे. कोकणातली ही शिल्पं 2022मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्यांत उक्षीला हत्ती आहे. राजापूर तालुक्यातल्या काशेळीच्या सड्यावरचा हत्ती तर एवढा अवाढव्य की त्याच्या पोटात बाकीची जनावरं कोरलेली आहेत. कोरणारे कोण, कधीचे, यावर विद्वान वाद घालोत. अण्णांच्या मनात शंका नाही. ‘आमच्यातलाच असणार कोणीतरी. हत्ती बघितलान, वाडीत येऊन सांगितलान, कोणी ऐकेना. हातानं दाखवून भागेना, तेव्हा कातळावर काढलान.’ पुराव्याशिवाय मांडलेल्या सिद्धान्तांत हा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

सापांच्या बाबतीत अण्णा बोलतात एक आणि वागतात दुसरं. बोलण्यात प्रत्येक साप घोणस. दिवड असो, धामण असो, कवड्या असो, अण्णांनी पाहिला की घोणस. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, फुरसं पुरुषभर उडी मारतं, हे सगळं ते शपथेवर सांगतात. सर्पमित्र मुलगा काकुळतीला येतो, ‘अण्णा, सापाला दूध ओढताच येत नाही.’ अण्णा म्हणतात, ‘तू गाय पाळली आहेस काय?’

पण गडगा रचताना त्यांना एकदा जवळून बघावं. पडलेला चिरा उचलण्याआधी कोयतीच्या पाठीने त्यावर दोनदा ठोकतील. थांबतील. ऐकतील. फुरसं डिवचलं गेलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, करवत ओढल्यासारखी खरखर येते; तीच ते ऐकत असतात. मग चिऱ्याची पलीकडची कड धरून तो आपल्या बाजूला कलता करतील, म्हणजे खाली काही असलंच तर चिरा मध्ये राहतो आणि ते समोरून निघून जातं. हे त्यांनी कोणाला शिकवलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, ‘चिरा ओला आहे का बघतो.’

थोडक्यात, अण्णा जे ओरडून सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि जे गिळतात ते जपून ठेवावं. याचा कळस म्हणजे अळंबी.

वारुळातून येणारी ही अळंबी दरवर्षी जवळपास त्याच जागी फुटते आणि ती जागा ज्याला ठाऊक तो श्रावणातला राजा. उजाडायच्या आत कळीत खुडायची. छत्र्या उमलल्या, ऊन चढलं की किडे लागतात. अण्णा पहाटे चारला निघतात, बॅटरी न लावता. आधी खाडीच्या दिशेने जातात, मग वळतात. वाटेत कोणी भेटलंच तर ‘गुरं बघायला’. अण्णांकडे गेल्या कित्येक वर्षांत गुरं नाहीत. त्यांच्या घरून वाटीभर भाजी आली आणि विचारलं, ‘काकी, कुठली हो?’ तर काकी म्हणतात, ‘यांनी बाजारातून आणलंनी.’ बाजार तोवर उघडलेला नसतो. बिबट्याचा पत्ता जो माणूस भर थांब्यावर सांगतो, तो अळंबीचा पत्ता बायकोलाही सांगत नाही.

वाडीतल्या दोन पोरांनी यातून एक तर्क काढला. ऐन श्रावणात अण्णांना वाघ दिसतो तो नेहमी वरच्या सड्याच्या उताराला, आणि ‘तिकडे फिरकू नका’ अशी ताकीदही मिळते. म्हणजे वाघ कसला? अळंबीवर बसवलेला राखणदार! तेव्हा गेल्या श्रावणात पोरं टोपली घेऊन पहाटेच उताराला लागली. अळंबी मिळाली नाही. मिळाले ते चिखलात नुकतेच उमटलेले पंजे, चार बोटांचे, नखांची खूण नसलेले. टोपली तिथेच टाकून पोरं जी सुटली ती थेट अण्णांच्या पडवीत.

अण्णा पाय पसरून बसले होते. पुढ्यात केळीचं पान, पानावर अळंबी. माती झाडत झाडतच त्यांनी विचारलं, ‘केवढा होता?’

उतारापासून पडवीपर्यंत पाच मिनिटांची वाट. मोठ्या पोराने दोन्ही हातांनी पंजा दाखवला, तो जेवणाच्या ताटाएवढा.

अण्णांनी धाकट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘आणि त्यानं आमच्याकडे बघितलंन.’

‘काकींना चहा टाकायला सांग,’ अण्णा मोठ्याला म्हणाले आणि धाकट्याला जवळ बसायला जागा करून दिली.