१.४ मिलिमीटरचा गुन्हा

तो बिचारा खरं बोलला, तिथेच फसला. ऑनलाइन दुकानात शिकारी थाटाचा सुरा विकायला ठेवताना त्याने माहितीच्या रकान्यात लिहिलं, ‘पात्याची लांबी २३ सें.मी.’ बाकी मजकूर नेहमीचाच होता. शिसवी मूठ, चामडी म्यान, घरपोच मोफत, न आवडल्यास सात दिवसांत परत. पण २३ लिहिलं आणि त्या क्षणी सुऱ्याचं शस्त्र झालं.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग आहे. त्यात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, फरश्या अशी मंडळी ओळीने उभी केलेली आहेत आणि सुऱ्यांपाशी फूटपट्टी ठेवली आहे. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते या रांगेत आलं. आणि या रांगेतला माल विकायचा तर परवाना हवा. ९ इंच म्हणजे २२.८६ सेंटिमीटर. २३ मधून वजा करा. उरले १.४ मिलिमीटर. गुन्ह्याची एकूण लांबी एवढीच.

मग शहाण्याने सरळ ‘९ इंच’ लिहायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. ते लिहिता येत नाही. २००९ चा वैध मापन कायदा सांगतो की व्यवहारात लांबी, वजन, माप जे सांगायचं ते प्रमाणित एककातच, म्हणजे मीटर-सेंटिमीटरमध्ये. म्हणजे एक कायदा म्हणतो इंचात पाळ, दुसरा म्हणतो सेंटिमीटरमध्ये बोल. आपल्याकडे मापं दशमान झाली ती १९५६ च्या कायद्याने. शस्त्र कायदा आला १९५९ मध्ये, त्याचे नियम १९६२ मध्ये, म्हणजे मीटर घरात येऊन पाय पसरून बसल्यावर. तरी नियमांनी इंचच धरला. २०१६ मध्ये ते नियम नव्याने लिहून काढले. बंदुकांबद्दल पानंच्या पानं बदलली. ९ इंच जागचे हलले नाहीत. टीव्हीवाल्यांनी यातून केव्हाच वाट काढली आहे. ‘८० सें.मी.’, आणि कंसात ३२ इंच. ३२ इंचांचे खरे होतात ८१.२८. मधले १.२८ सेंटिमीटर कुणी खाल्ले, विचारायचं नाही. टीव्हीला जवळजवळ तेरा मिलिमीटर माफ आहेत, सुऱ्याला दीडसुद्धा नाही.

१.४ मिलिमीटर म्हणजे किती, हे आम्ही घरी करून पाहिलं. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवा. त्यांची जाडी याहून किंचित जास्तच भरते. एवढं पातं कानशीवर घासून उडवायला अर्धा तास पुरतो, आणि संग्राहक मंडळींत असे घासून कायदेशीर झालेले सुरे असणारच. पण शास्त्र इथे थांबत नाही. पोलाद उन्हात वाढतं. बरोबर ९ इंचांचं पातं महाबळेश्वरात १५ अंशांत मोजलं आणि तेच चंद्रपूरला मे महिन्यात ४५ अंशांत मोजलं, तर ते सुमारे ०.०८ मिलिमीटर लांब भरेल. ‘९ इंचांहून लांब’ म्हणजे लांबच. नियमात उन्हाळ्याची सूट नाही. तेव्हा संग्राहकाने सुरा कुठे ठेवायचा? फ्रिजमध्ये. बरं, मोजायचं कुठून? मुठीच्या कडेपासून, की धार सुरू होते तिथून? कुकरीचं नाव तर नियमात आहे आणि तिची कंबर वाकडी. टोकापासून मुठीपर्यंत दोरी ताणली तर ती सज्जन, दोरी वाकणावरून फिरवली तर दुर्जन. हा प्रश्न न्यायालयात जाईपर्यंत पंचनामा झालेला असतो, आणि पंचनाम्याची भाषा आपण रोज पेपरात वाचतो: ‘एक लोखंडी धारदार हत्यार, मुठीसह लांबी अमुक इंच, किंमत अंदाजे दोनशे रुपये.’ मुठीसह! नियम विचारतो पात्याची लांबी, पंच सांगतात मुठीची. उद्या संग्राहकाने मूठ काढून ठेवली तर निम्मं हत्यार निर्दोष सुटेल. आणि ती ‘किंमत अंदाजे’ कोण लावतं, हेही एकदा कळलं पाहिजे. ज्या सुऱ्यासाठी संग्राहकाने बायकोपासून लपवून आठ हजार मोजले, तो पंचांच्या मते दोनशेचा. शिक्षेपेक्षा हा अपमान मोठा. आणि बायकोला तो दोनशेचाच सांगितलेला असल्यामुळे अपीलही करता येत नाही.

आता गंमत पुढे आहे. ही फूटपट्टी सगळ्याच पात्यांना लागत नाही. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती वगळली आहेत. म्हणून १२ इंची स्वयंपाकाची सुरी बिनधास्त विका, विकत घ्या, भावाच्या लग्नात आहेर म्हणून द्या. ते योग्यच आहे. नाहीतर आपल्या आयाआज्या विळीसकट आत गेल्या असत्या. पण ऑनलाइन विक्रेता काही तुमच्याआमच्यासारखा भोळा नाही. त्याने ओळखलं की कायदा पात्याकडे बघत नाही, नावाकडे बघतो. मग हस्तिदंती दिसणाऱ्या मुठीवर कवटी कोरलेला, पाठीला करवतीचे दात असलेला, मधोमध नाली काढलेला सुरा ‘किचन नाइफ’ म्हणून येतो. खाली वापर: ‘फळे व भाज्या’. कोणती भाजी? सुरण इतका प्रतिकार करतो का?

आणि तलवार ‘होम डेकोर’मध्ये. मागे पडदे, पुढे फुलदाण्या, मध्ये तीन फुटी तलवार. ‘फक्त शोभेसाठी’ अशी ओळ असते. त्याखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. ‘धार एक नंबर’, पाच तारे. ‘मित्राच्या बर्थडेला मागवली, सगळे खूश’, पाच तारे. ‘बॉक्स फाटका आला, पण तलवार मजबूत’, चार तारे. सोबत घेतल्या जाणाऱ्या वस्तू: फोमचा स्प्रे, धुराची नळकांडी, आकडे असलेली मेणबत्ती. इथे महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाचकाला पुढचं सांगायला नको. रात्रीचे बारा, चौकात चार मोटारसायकली जोडून केलेलं टेबल, त्यावर पाच केक आणि भाऊ. भाऊंचं वय एकोणीस. केकवर भाऊंचं नाव, आणि हातात ती शोभेची. पाच केक एका घावात. व्हिडिओ वर, मागे गाणं. तिसऱ्या दिवशी भाऊ पोलीस ठाण्यात हात जोडून, ‘माझ्याकडून चूक झाली, कुणी असं करू नये.’ तोही व्हिडिओ वर. दुसऱ्या व्हिडिओला पहिल्याइतकीच पसंती. केक कापणं हे घरगुती काम नाही काय, असा युक्तिवाद अजून कुणा वकिलाने केला नसेल तर आम्ही तो फुकट देऊन टाकतो.

गिऱ्हाइकाला वाटतं, दुकान मोठं आहे, सगळं तपासून विकत असेल. त्या दुकानाला तुमचा पिनकोड ठाऊक आहे. फ्रिज गुरुवारी येईल की शुक्रवारी, हे ते सांगतं. तुमच्या गल्लीत टेम्पो शिरतो की नाही, तेही. पण शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली एखाद्या भागासाठी अधिसूचना निघाली असेल तर तिथे अशी पाती बाळगायलाही परवाना लागतो, हे पिनकोडच्या डब्यात कुठेच नाही. आणि आपल्या राज्यात त्याच्याही वर १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे. त्याखालची मनाई बहुधा पंधरवड्याची असते. एक संपते तोवर दुसरी निघते, कारण आपले सण संपत नाहीत आणि दोन सणांच्या मध्ये निवडणूक असते. सोमवारी मागवलेला सुरा शुक्रवारी दारात येतो, मधल्या बुधवारी मनाई लागलेली. डिलिव्हरीवाला पोरगा पाठीवरच्या पिशवीत काय घेऊन फिरतोय ते त्याला माहीत नाही, आणि नाकाबंदीला पहिला सापडतो तोच. या दोन कायद्यांची आपसात ओळखही नसावी. १९५९ च्या व्याख्येत लाठी आणि साधी हातातली काठी ही शस्त्रं नाहीत, असं नाव घेऊन लिहिलंय. १९५१ च्या कलमात मनाईच्या यादीत लाठी आणि काठी नाव घेऊन घातलीत. आजोबांनी सकाळी फिरायला जाताना कुठला कायदा वाचायचा?

संग्राहकाचं दुःख तर सांगूच नका. हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. घरी गेलात की चहाआधी भिंत दाखवतो. कट्यार, बिचवा, जंबिया, आणि मधोमध पणजोबांचा दांडपट्टा. हा दांडपट्टा २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. संग्राहक त्या दिवशी पेढे वाटत होता. आता, राज्यफूल ताम्हण; लावा अंगणात. राज्यमासा पापलेट, तळा, खा, परवडत असेल तर. राज्यप्राणी शेकरू, पाळता येत नाही, पण भीमाशंकरला जाऊन बघता येतं. राज्यशस्त्र? पातं तीन-चार फुटांचं. तेवढ्याला नियमाची फूटपट्टी चारपाच वेळा लावावी लागते. पात्यावर गंज चढला म्हणून त्याला ते दुसऱ्या गावच्या जुन्या कारागिराकडे पाठवायचं होतं. कुरियरच्या खिडकीवर पोरीने विचारलं, काका, आत काय आहे? काका छाती काढून म्हणाले, राज्यशस्त्र. तिने खिडकी बंद केली. शेवटी काकांनी ‘पडद्याचा रॉड’ लिहून पाठवलं म्हणे. आम्ही ते ऐकलं नाही, तुम्हीही वाचलं नाही.

या काकांनी कायद्याचं पुस्तक आणून एक पळवाट शोधली आहे आणि तिच्यावर ते फार खूश आहेत. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये म्हटलंय की जुनाट बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थातच आजोबांची गंजकी ठासणीची बंदूक होती. काका म्हणतात, माझा दांडपट्टा पुरातन आहे, आणि तो बंदूक म्हणून वापरता येत नाही हे मी न्यायाधीशांसमोर चालवून दाखवायला तयार आहे. आम्ही त्यांना एवढंच सुचवलं की चालवून दाखवू नका.

इथवर हसून झालं. पण ही नऊ इंची फूटपट्टी जिथे खरोखर लागायला हवी तिथे ती पोहोचतच नाही, आणि त्याचा आम्हाला राग येतो. पेपर उघडा. दहशत माजवणारे, गाड्यांच्या काचा फोडणारे, भर रस्त्यात धावणारे, ते हातात काय घेऊन धावतात? कोयता. नारळ सोलायचा, ऊस तोडायचा कोयता. शेतीचं अवजार, म्हणजे फूटपट्टीबाहेर. ऑनलाइनही नको, आठवडी बाजारात मिळतो. मग घटना घडली की आपण काय करतो? रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या लोहाराकडे जातो. जो विळे, खुरपी, कोयते घडवून पोट भरतो, ज्याच्याकडून शेतकऱ्याला अवजार मिळतं, त्याला म्हणतो गिऱ्हाइकांची वही ठेव, ओळखपत्राच्या झेरॉक्स काढ. पालात वीज नाही, तो झेरॉक्स काढणार! आणि चौकात त्या एकोणीस वर्षांच्या भाऊंच्या डोक्यावर जो वीस फुटी फ्लेक्स लागतो, ज्यावर भाऊ कोपऱ्यात टिकलीएवढे आणि मधोमध हात जोडलेले शुभेच्छुक, त्या शुभेच्छुकांना कुणी विचारलं का, की बाबांनो, हे पोरगं तुमच्या मागे उभं राहून काय शिकलं? केक कापणारा आत जातो. केक पाठवणारा फ्लेक्सवर राहतो, पुढच्या वाढदिवसाला त्याच खांबावर परत चढतो. फ्लेक्सलाही परवाना लागतो, आणि त्याची लांबीरुंदी मोजायला पंच कधी आलेले आम्ही पाहिले नाहीत. सतरा-अठरा वर्षांची पोरं हातात धार घेऊन व्हिडिओ करतात, कारण त्यांना माहीत आहे की जामीन कोण देणार. १.४ मिलिमीटर पकडणाऱ्या डोळ्यांना हे वीस फूट दिसत नाहीत.

जाऊ द्या. रक्तदाब वाढतो, आणि डॉक्टरांनी टोमॅटोची कोशिंबीर खायला सांगितली आहे, मीठ न घालता. तर तेही जमत नाही. कारण शासनाला ज्या ऑनलाइन सुरीची एवढी धास्ती वाटते ती सुरी आम्ही वापरतो. पिकलेला टोमॅटो तिच्याखाली चेपतो, रस सोडतो, पण कापला म्हणून जात नाही. ‘जपानी पोलाद, लेझर धार’ लिहिलं होतं. ब्रेडसुद्धा दोन वेळा विचार करून तुटतो. पूर्वी सायकलच्या मागच्या चाकाला दगड जोडून ‘धाऽऽर’ म्हणत एक माणूस गल्लीतून जायचा. सुऱ्या, कात्र्या, विळीचं पातं, सगळं पाच मिनिटांत झळझळीत. आमच्या भागात तो यायचा बंद झाला आहे. सोसायटीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक म्हणतो, धारदार वस्तू घेऊन आत सोडायचं नाही, असा नियम आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गल्लीत असा धारवाला अजून येत असेल तर त्याला आमच्याकडे धाडा. फाटकावर त्याने ‘सायकल दुरुस्ती’ म्हणून सांगावं. घरातली सगळी पाती आम्ही मोजून ठेवली आहेत, सेंटिमीटरमध्येही आणि इंचातही, सावलीत बसून.