शेऱ्याविना नोंद

लेखापरीक्षकाच्या खुर्चीवर एकतीस वर्षे बसलेल्या मनुष्याने इगतपुरीच्या धम्मगिरीवर जाऊन दहा दिवस स्वतःच्याच नाकपुड्यांपाशी लक्ष ठेवून बसावे, यात काही विसंगती आहे असे मला जाताना मुळीच वाटले नव्हते. उलट, ज्याचे आयुष्य दुसऱ्यांची देयके तपासण्यात गेले त्याने एकदा आपल्या श्वासाची आवक-जावकही तपासून पाहावी, हे मला औचित्याला धरूनच वाटले होते. रजेच्या अर्जावर ‘विपश्यना’ हे कारण वाचून साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी स्वतः आजवर केवळ तसलमातीचा हिशेब थकवणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. पण शासन आपल्या सेवकांना या कामासाठी रजा देते, त्यामुळे साहेबांचा इलाज चालला नाही.

तेथील पहाटे चारची घंटा, आर्य मौन आणि पावती घेऊन जमा केलेला मोबाइल यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला जड गेले ते निराळेच. पहिले साडेतीन दिवस आनापानाचे असतात. श्वास येतो, श्वास जातो, तो जसा आहे तसा जाणायचा, एवढीच कामगिरी. श्वास आखूड आला तर तो आखूड आला इतकेच जाणावे. तो आखूड का आला, कोणाच्या मंजुरीने आला आणि मागील श्वासाशी त्याचा ताळा का जुळत नाही, हे विचारू नये. थोडक्यात, नोंद घ्यावी पण शेरा मारू नये. आता ज्याच्या लेखणीतून नोंद आणि शेरा ही जुळी भावंडे सदैव एकदमच जन्माला आली, त्याने काय करावे? पहिल्याच दिवशी एकट्या डाव्या नाकपुडीवर माझे तीन आक्षेप निघाले.

परतीच्या प्रवासात मात्र एका पुस्तिकेने मला धीर दिला. सत्यनारायण गोयंका हे १९५५ साली अर्धशिशीने बेजार होऊन ज्यांच्याकडे गेले, आणि केवळ डोकेदुखीवर उतारा म्हणून धर्म मागता काय, या कारणास्तव ज्यांनी त्यांना आरंभी परत लावले, ते ब्रह्मदेशातील गुरू ऊ बा खिन हे पेशाने कोण असावेत? महालेखापाल! हा मनुष्य हिशेबखात्यात कारकून म्हणून चिकटला, १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र होताच देशाचा पहिला महालेखापाल झाला, आणि पुढे त्याने आपल्या कचेरीतील नोकरवर्गाचेच विपश्यना मंडळ काढून त्यांना ध्यान शिकवले. म्हणजे ज्या खात्याचा मी पाईक, त्याच खात्यातून ही गंगा वाहत आली होती! कसारा घाट उतरेपर्यंत मी मनातल्या मनात आमच्या कचेरीचे अर्धे दप्तर ध्यानस्थ केले होते. त्या मंडळात दोन कारकून एकमेकांच्या अप्रगतीवर टिपणी लिहीत असत काय, याविषयी पुस्तिकेत काही नव्हते. मला ते जाणून घ्यायला आवडले असते.

सोमवारी कामावर रुजू झालो. समोर प्रवासभत्त्याचे देयक होते. त्यात एक कनिष्ठ अभियंता नाशिकहून येवल्यास मालेगावमार्गे गेलेला होता. अशा देयकावर लेखापरीक्षकाचे चित्त जितके एकाग्र होते तितके कोणत्याही बोधिवृक्षाखाली होणार नाही. आणि नेमका त्याच क्षणी टेबलावरचा मोबाइल थरथरला. मी ठरवले की आता केवळ पाहायचे. प्रथम तळहातात एक हुळहुळ उठली, मग कोपरापाशी किंचित ओढ, मग ‘महत्त्वाचे असेल’ असा एक अत्यंत प्रतिष्ठित दिसणारा विचार; हे सारे मी मोठ्या तटस्थपणे न्याहाळतो आहे, तो माझ्या ध्यानी आले की अंगठा केव्हाच मार्गस्थ झालेला असून एका गृहस्थाने पाठवलेले गुलाबाचे फूल आणि त्याखालचे ‘शुभ सकाळ’ मी साडेबारा वाजता वाचतो आहे. बुद्धांच्या सतिपट्ठानसुत्तात पुढे जाताना, मागे वळताना, हात आखडताना, पसरताना, खाताना, पिताना, किंबहुना शौचविधी करतानादेखील भान राखण्यास सांगितले आहे. यांपैकी शेवटच्या स्थळी हल्ली भानाऐवजी माणूस काय घेऊन जातो, ते सांगायला नको.

मग मी एक नोंदवही घातली. अनुक्रमांक, वेळ, मोबाइल उचलण्याचे प्रयोजन, मनाची तत्कालीन अवस्था आणि (हात थांबेना म्हणून) शेरा. सायंकाळपर्यंत चौसष्ट नोंदी झाल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःवर ‘गंभीर अनियमितता’ असे अकरा वेळा ओढले. आमच्या सौभाग्यवतींनी ती वही चाळून इतकेच म्हटले, “अहो, मोबाइलपेक्षा या वहीतच तुमचा जास्त वेळ गेलेला दिसतोय.” हा आक्षेप मी अद्याप निकाली काढू शकलेलो नाही.

खरी कसोटी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लागली. एका रात्री पावणेअकराला पाण्याची टाकी धुण्याच्या खर्चाचा आकडा तेथे अवतरला, आणि तो पाहताच माझ्या अंतर्यामीचा लेखापरीक्षक हातातली जपमाळ टाकून उठला. आठ मुद्द्यांचे उत्तर क्षणात सिद्ध झाले. परंतु मी साधक होतो. पाठवण्याच्या खुणेवर बोट टेकण्यापूर्वी तीन श्वास घ्यायचे, असा माझा नेम होता. पहिला श्वास घेतला, चित्त स्थिरावले. दुसरा घेतला, ते निर्मळ झाले. तिसऱ्या श्वासाला त्या निर्मळ, निश्चल चित्तात नववा मुद्दा कमळासारखा उमलला, आणि तो मागल्या आठांहून अधिक झोंबणारा होता! बौद्ध ग्रंथांत सम्मासतीच्या जोडीने मिच्छासती, अर्थात मिथ्या स्मृती किंवा चुकीचे भान, हाही शब्द येतो, तो का, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीसांनी जिन्यात माझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा नीट उमगले. लक्ष एकाग्र होणे आणि माणूस निवळणे ही दोन निरनिराळी खाती आहेत; एकातली शिल्लक दुसऱ्यात आपोआप वर्ग होत नाही.

सतिपट्ठानसुत्त बुद्धांनी कुरुदेशी कम्मासधम्म येथे सांगितले, आणि त्यावरील अट्ठकथा म्हणते की त्या देशी पाणवठ्यावरसुद्धा लोक रिकाम्या गप्पा न करता एकमेकांच्या स्मृतिसाधनेचीच विचारपूस करीत. (आमच्याकडे पाण्याच्या टाकीपाशी काय चालते, ते वर आलेच आहे.) तेथेच एका पोपटाची गोष्ट आहे. तो भिक्षुणींच्या आश्रयास राहिला होता, आणि थेरीने त्याला ‘अट्ठि, अट्ठि’, म्हणजे ‘हाडे, हाडे’, एवढेच घोकायला लावले होते. एकदा त्याला एका शिकारी पक्ष्याने उचलले. आरडाओरडा होऊन तो सुटला, तेव्हा पकडलेला असताना तुझ्या मनात काय आले, असे त्याला विचारण्यात आले. तो म्हणाला, दुसरे काही नाही. एक हाडांचा सापळा दुसऱ्या सापळ्याला नेतो आहे, एवढेच.

ही गोष्ट माझ्या मनात फार खोल उतरली. पुढच्याच गुरुवारी ऑनलाइन आढावा बैठक होती. पडद्यावर चौकोनाचौकोनातून बावीस मुंडकी मांडलेली, आणि मधोमध साहेब माझ्या प्रलंबित परिच्छेदांवरून माझी सालटी काढीत होते. कानशिले तापली, ती तापली असे जाणले. छातीत धडधड झाली, ती झाली असे जाणले. आणि एकाएकी त्या चौकोनांतले गाल, चष्मे आणि टाय विरघळून गेले, व एक सापळा दुसऱ्या सापळ्याकडून मार्चअखेरपर्यंत अनुपालन मागतो आहे, असे स्वच्छ दिसले. एकतीस वर्षांत प्रथमच माझ्या मनात आक्षेप उठला नाही. त्या आनंदाच्या भरात ओठांतून ‘अट्ठि, अट्ठि’ बाहेर पडले. आणि माइक चालू होता.

साहेब थबकले. “काय म्हणालात? अटी? कोणत्या अटी?”

मी गप्प राहिलो. हे मौन त्यांनी बहुधा पुराव्यानिशी असलेले मौन मानले असावे, कारण त्यांचा स्वर उतरला, लेखाधिकाऱ्यांनी घाईघाईने कुठलीशी धारिका उघडली, दोन चौकोन एकदम काळे झाले आणि बैठक तहकूब झाली. तिसऱ्या दिवशी इतिवृत्त आले. त्यात पाचव्या मुद्द्यापुढे लिहिले होते : ‘निविदेतील अटींबाबत लेखापरीक्षकांनी तीव्र आक्षेप दोन वेळा नोंदवला. संबंधितांकडून सात दिवसांत खुलासा मागवावा.’