पिंपांचा हिशेब

विमानाच्या पोटात प्रवाशांच्या जागी पिंपं. रांगेत उभी, पट्ट्यांनी आवळलेली, एकमेकांना नळ्यांनी जोडलेली. हा फोटो तुम्हाला आला असेलच. नसेल तर उद्या सुप्रभातच्या फुलांपाठोपाठ येईल. खाली मजकूर असतो की विमानामागे दिसणारी पांढरी रेघ म्हणजे या पिंपांतली रसायनं. ती आपल्यावर फवारतात. कशासाठी, याबाबत मात्र एकमत नाही: लोकसंख्या घटवायला, पाऊस पळवायला किंवा माणसांची डोकी बधिर करायला. तिसरा हेतू बऱ्यापैकी साधलेला दिसतो.

फोटो खरा आहे, पिंपंही खरी आहेत. नवं विमान तयार झालं की चाचणीत ते भरलेल्या वजनानिशी उडवून बघावं लागतं आणि चाचणीला तीनशे माणसं बसवत नाहीत. म्हणून पिंपांत पाणी भरतात आणि उड्डाण चालू असताना ते पंपाने पुढून मागे, मागून पुढे खेळवतात, म्हणजे विमानाचा तोल बदलला की ते कसं वागतं हे कळतं. पण हे उत्तर विमान बनवणारेच देतात, आणि ते असंच सांगणार, असा आक्षेप लगेच येईल. मान्य. उत्तर बाजूला ठेवू. पिंपांत विषच आहे असं धरून चालू. माझी तक्रार लोक संशय घेतात याची नाहीच. घेतलेला संशय ते चार पावलांवर सोडून देतात, याची आहे. कारस्थानाचा फोटो हाती लागल्यावर माणसाने पहिला प्रश्न काय विचारावा? पिंपात मावतं किती?

दोनशे लिटरचं पिंप धरा, आणि अशी पन्नास. झाले दहा हजार लिटर, म्हणजे दहा टन माल. आता मुंबई-लंडन विमान घ्या. दोन इंजिनांचं मोठं विमान तासाला सहा-सात टन इंधन जाळतं. नऊ तासांत साठ टनांच्या आसपास. विमानाचं इंधन म्हणजे शेवटी रॉकेलचाच भाऊ. त्यात कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजन जळला की बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं पाणी होतं, त्यामुळे एक किलो इंधनामागे जवळजवळ सव्वा किलो पाणी बाहेर पडतं. साठ टनांचं पंचाहत्तर टन. म्हणजे आपल्या दोनशे लिटरी मापाने पावणेचारशे पिंपं! पन्नास पिंपांसाठी जागरण करणाऱ्यांना ही पावणेचारशे दिसत नाहीत, कारण त्यांचा फोटो नाही. आणि गंमत पुढेच आहे. हे सगळं पाणी वाटेवर पसरलं तर मीटरमागे जेमतेम दहा ग्रॅम येतं. पन्नास पिंपांतलं विष पसरलं तर दीड ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्यात क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जाड, रुंद, तासभर टिकणारा पट्टा कसा उमटावा? उमटतो, कारण त्यातला बहुतेक बर्फ विमानाचा नसतोच, तो तिथल्या हवेचा असतो. उंचावरच्या काही थरांत बाष्प इतकं ठासून भरलेलं असतं की बर्फाचा एक स्फटिक मिळाला की ते त्याच्यावर गोठत जातं. इंजिनातली काजळी आणि पाणी पहिले स्फटिक पुरवतात, बाकीचा माल आकाश पुरवतं. हवा कोरडी असेल तर तीच रेघ मिनिटाभरात विरते. 'काही रेघा लगेच जातात आणि काही टिकतात, म्हणजे दोन प्रकारची विमानं आहेत' या हुकमी एक्क्याचं उत्तर एवढंच आहे: विमानं एका प्रकारची, हवा दोन प्रकारची. एकाच वेळी शेजारी दिसणारी दोन विमानं बहुधा शेजारी नसतात. त्यांच्या उंचीत तीनशे-सहाशे मीटरचं अंतर असतं आणि तेवढ्यात थर बदलतो.

रेघ उमटायला साधारण उणे चाळीस अंशांची थंडी लागते. युरोपात ती थंडी विमानाच्या नेहमीच्या उंचीवर हजर असते. आपल्याकडे दहा किलोमीटरवर उणे तीसच्या घरात तापमान, त्यामुळे रेघ हवी तर विमानाला आणखी वर जावं लागतं. महाराष्ट्राच्या आकाशात रेघा कमी दिसतात त्या यामुळे. जागतिक कारस्थानाने आपल्याला वगळलं असं वाटून कोणी अस्मितेचा प्रश्न करू नये. 'पूर्वी नव्हत्या' हेही खोटं. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांमागे अशा रेघा उमटत आणि शत्रूला आयता पत्ता मिळे. रेघ कधी उमटेल याचं गणित १९४१ साली जर्मनीत मांडलं गेलं, १९५३ साली अमेरिकेत त्याचे तक्ते आले. विषाची कथा मात्र १९९०च्या दशकाच्या शेवटी जन्मली. पन्नास वर्षं रेघा बिनविषारी होत्या, मग एके दिवशी पिंपं चढली.

पुढचा पुरावा: पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम सापडलं. भूकवचाच्या वजनात सुमारे आठ टक्के ॲल्युमिनियम असतं, सगळ्या धातूंत सर्वाधिक. सह्याद्रीच्या काळ्या दगडातही ते जवळपास तेवढंच, थोडं कमीच, निघेल. धूळ उडते, पावसात उतरते. तिच्यात ॲल्युमिनियम सापडल्याची तक्रार म्हणजे मिठागरात मीठ सापडल्याची फिर्याद. २०१६ साली वातावरण आणि भूरसायन यांच्या ७७ तज्ज्ञांना हे पुरावे दाखवून मत विचारलं गेलं. ७६ जण म्हणाले, गुप्त फवारणीचा पुरावा नाही. एकाने एका दुर्गम जागी बेरियमचं प्रमाण चढं दिसल्याचं सांगितलं. तेव्हापासून तो सत्याहत्तरावा हा विषवाल्यांचा एकमेव शास्त्रज्ञ. बाकीचे शहात्तर विकले गेलेले. शिवाय फवारणीचा नेम तरी बघा. एक मायक्रॉनचा कण स्वतःच्या वजनाने दिवसाला काही मीटरच उतरतो आणि वरचा वारा ताशी शंभर किलोमीटरने वाहत असतो. सांगलीवर सोडलेलं विष सांगलीकरांना मिळायच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करून येईल. याला उतारा म्हणून परदेशात काही भाविक अंगणात उभे राहून बाटलीतून व्हिनेगर फवारतात. दहा किलोमीटर उंचीवरच्या रेघेवर. पिचकारीने.

'पण कृत्रिम पाऊस पाडतात ते काय?' हा त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न. होय, महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ साली असे प्रयोग झाले. लहान विमानं, आधीच आलेले ढग, आणि पंखांना लावलेल्या नळकांड्यांतून मिठासारखे क्षार किंवा सिल्व्हर आयोडाइड. पण त्याच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या, फोटो होते, 'पाऊस पडलाच कुठे' असे अग्रलेखही होते. हे जर गुपित असेल तर लग्नाची वरातही गुपितच. आणि खरं गुपित राखायचं तर माल चढवणारे, इंधन भरणारे, तंत्रज्ञ, वैमानिक, असे अनेक देशांतले लाखो लोक पंचवीस-तीस वर्षं गप्प राहायला हवेत. परीक्षेचा पेपर आदल्या रात्री ज्यांच्या मोबाइलवर येतो, त्यांनी हे मानावं! पेपर फुटला की पोरांचं वर्ष जातं, चौकशी समिती बसते, आणि ती उठल्याचं कोणी पाहिलेलं नाही. त्या खऱ्याखुऱ्या, नावागावासकट घडणाऱ्या कारस्थानाबद्दल हे संशयात्मे एक चकार शब्द काढत नाहीत. तिथे पाठपुरावा करावा लागतो, अर्ज करावे लागतात, खेपा घालाव्या लागतात. आकाशाकडे बघायला फक्त मान लागते.

सगळ्यांत चीड येते ती याची, की या रेघा निरुपद्रवी नाहीतच. टिकणारी रेघ पसरून पातळ ढग होते आणि पृथ्वीवरून वर जाणारी उष्णता अडवते. दिवसा ती थोडं ऊन परतवून भरपाई तरी करते, रात्री तेही नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबात २०१८ सालचा या ढगांचा तापवणारा परिणाम विमानांनी आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामापेक्षा मोठा निघाला. आकड्यांत अनिश्चितता बरीच आहे, पण विषय किरकोळ नाही. उपायही माहीत आहे: बाष्पाने भरलेले ते थर जाडीला थोडे असतात, त्यामुळे मोजक्या विमानांनी काहीशे मीटर खालून किंवा वरून जायचं. इंधन किंचित जास्त जळेल. अंदाज चुकला तर ते फुकट जाईल. रेघांबद्दल जनतेने जाब विचारावा असा हाच मुद्दा होता, आणि रेघांबद्दल बोलणाऱ्याला लोक आता वेडा समजतात, ही विषवाल्यांची कामगिरी. त्या जादा इंधनाचे पैसे विमान कंपनीने भरायचे की तिकिटात लावायचे, यावर अजून एकही फॉरवर्ड आलेला नाही.