माझे इंग्रजी अवयव

इंग्रज माणूस बोलता बोलता स्वतःच्या देहाचे जे हाल करून घेतो, ते बघून त्याला उत्तर द्यावं की रुग्णवाहिका बोलवावी, कळत नाही. रंगमंचावर निघालेल्याला ‘पाय मोड’ अशा शुभेच्छा. थोडक्यात बचावला, तर म्हणे दातांच्या कातडीने बचावला! हे मूळ बायबलातल्या ईयोबाच्या तोंडचं. १५६० च्या जिनिव्हा बायबलपासून इंग्रजीत आहे आणि आजवर एकाही दंतवैद्याने हरकत घेतली नाही. शेवटी मी घेतली. लोकल कशी जेमतेम मिळाली ते सांगताना ‘बाय द स्किन ऑफ माय गम्स’ असं शास्त्रशुद्ध बोललो. समोरच्याने काळजीने टूथपेस्ट सुचवली.

वस्तू फार महाग पडली की तिकडे एक ‘आर्म’ आणि एक ‘लेग’ जातो. आपल्याकडे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. मी ‘अ हँड अँड अ फूट’ देऊन मोकळा झालो. मनगटाच्या आणि घोट्याच्या वरचं वाचवलं, घासाघीस अंगातच आहे.

पण खरा घात पायाने केला. आमच्या हापिसात एक सहकारी होता. मी रात्री जागून केलेला तक्ता सकाळी साहेबांना स्वतःचा म्हणून दाखवायचा आणि माझी चूक सापडली की ईमेल अख्ख्या मजल्याला. ऑनलाइन मीटिंगमध्ये लंडनच्या मॅडमनी सहज विचारलं, सगळं ठीक ना? मी धीर गोळा केला आणि त्याच्यादेखत म्हणालो, “ही इज ऑलवेज पुलिंग माय लेग.”

मराठीत पाय ओढणारा आपल्याला वर चढू देत नाही. इंग्रजीत तो नुसती थट्टामस्करी करतो.

“हाऊ लव्हली!” मॅडम खुदकन हसल्या.

मला वाटलं, ऐकू नीट गेलं नाही. आवाज चढवून म्हणालो, “नॉट ओन्ली माइन, मॅडम! एव्हरीबडीज लेग! डेली!”

मॅडमचा चेहरा उजळला. शेजारच्या चौकटीत तो छातीवर हात ठेवून विनयाने मान लववत होता.

दिवाळीनंतर हापिसातलं वातावरण खेळीमेळीचं ठेवल्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. शिफारस करणारा म्हणून खाली माझं नाव होतं, म्हणून पुष्पगुच्छही मीच द्यायचा असं ठरलं. फोटोसाठी हसत तो पुटपुटला, “सर, पुढच्या वर्षीही बोला हं माझ्याबद्दल.”