श्री केदारनाथ यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री केदारनाथ,
केदारपुरी, जिल्हा रुद्रप्रयाग, उत्तराखंड
(हिवाळ्यातला पत्ता: ओंकारेश्वर मंदिर, उखीमठ)

विषय: आपली उंची निदान दीड हजार मीटरने कमी करण्याबाबत

महाराज,

भक्तीत आपल्याला अरे-तुरे चालते, पण हा अर्ज आहे, तेव्हा रीतीप्रमाणे ‘आपण’ म्हणतो. वसई, नालासोपारा, विरार येथील भाविकांच्या बाजूने यात्रेची तयारी पूर्ण झालेली आहे. घोट्यावर येणारे बूट आले, रेनकोट आला, कापराची पुरचुंडी आणि ऑक्सिजनचा डबा पिशवीत गेला. रोज सकाळी जीवदानीच्या तेराशेहून अधिक पायऱ्या चढून झाल्या, रविवारी तुंगारेश्वर झाले. मुख्य म्हणजे सात दिवसांची रजा मंजूर झाली. त्यातून जाण्यायेण्याचे, हरिद्वारच्या गंगाआरतीचे आणि बद्रीनाथचे दिवस वजा जाता आपल्या वाट्याला दीड दिवस येतो. आमच्याकडून एवढे जुळवून आणलेले असताना आपण 3,584 मीटरवरच बसून आहात, ही बाब खेदाने निदर्शनास आणावी लागते.

आमच्या तयारीत खोट काढणारे काही लोक आहेत. ते म्हणतात, तुम्ही पाय तयार केलेत, रक्त नाही. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वसईच्या किनाऱ्यावर 21 टक्के आणि केदारनाथलाही 21 टक्केच. पण तिथे हवेचा दाब किनाऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळतो. शरीर ही तूट हळूहळू भरून काढते, श्वास वाढवते, मूत्रपिंडांकरवी रक्ताचा तोल बदलून घेते. पण त्याला काही दिवस लागतात आणि ते उंचीवरच काढावे लागतात. तुंगारेश्वरचा सर्वांत उंच माथा सातशे मीटरच्या आत. महाराष्ट्राचे शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. आणि आपली पायवाट जिथून सुरू होते ते गौरीकुंडच 1,982 मीटरवर. थोडक्यात, या परीक्षेचे केंद्र अख्ख्या महाराष्ट्रात नाही. पायऱ्यांचा सराव वाया जात नाही, त्याने सोळा किलोमीटरची चढण सुसह्य होते. विरळ हवेशी मात्र त्याचे काही देणेघेणे नाही. कापराचेही नाही. कापूर हुंगला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन असतो तिथेच राहतो. डब्यातला ऑक्सिजन खरा, पण काही मिनिटांपुरता.

या टीकाकारांनी साक्षीदार म्हणून कोणाला उभे करावे? आपल्यालाच. मंदिराचे कपाट, म्हणजे दार, उघडण्याआधी आपल्या मूर्तीची डोली उखीमठहून निघते. पहिला मुक्काम गुप्तकाशी, दुसरा फाटा, तिसरा गौरीकुंड, आणि चौथ्या दिवशी केदारपुरी. मूर्तीला विरळ हवा बाधण्याचा प्रश्न नाही, खांदा देणारे तर पहाडातच वाढलेले. तरी वाटेत तीन रात्री. शिवाय डोली निघते तीच तेराशे मीटरवरून. आम्ही परवा नायगावच्या खाडीकाठी झोपलेले असतो आणि आज रात्री आपल्या अंगणात झोपायचे म्हणतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा उंचीवरच्या वैद्यकाचा रूढ नियम. गौरीकुंडापासून एका दिवसात सोळाशे मीटर चढायचे, तर या नियमात खुद्द डोलीही बसत नाही. मध्ये थांबायला रामबाडा होते, ते 2013 च्या जूनमधल्या पुरात वाहून गेले. आता लिंचोलीला निवारे आहेत, पण आमच्या पॅकेजात लिंचोली म्हणजे चहाचे ठिकाण.

यावर आमच्यातले जाणते म्हणतात, पूर्वीचे लोक काठी आणि घोंगडी घेऊन जात, त्यांनी कसली तयारी केली होती? दुर्दैवाने याचे उत्तर वाटेवरच लिहिलेले आहे. ते ऋषिकेशपासून पायी जात, आणि दर काही मैलांवर चट्टी असे, तिथे शिधा घ्यायचा, चूल मांडायची, रात्र काढायची. जंगलचट्टी, हनुमानचट्टी ही नावे अजून आहेत. साडेतीनशे मीटरवरून निघालेला माणूस असा मुक्कामामागून मुक्काम करत वर पोचे, तोवर त्याचे शरीर उंचीला सरावलेले असे. निघताना तो घरच्यांचा निरोपही कायमचाच घेई, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. आणि जे परतले नाहीत त्यांचे म्हणणे सांगायला कोणी उरले नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा: मनात भाव असला की काही होत नाही. भावाचा उपयोग आहे, महाराज, पण तो उलट्या दिशेने होतो. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही, ही उंची बाधल्याची पहिली चिन्हे. वसईकर त्यांना पित्त म्हणतो, गोळी घेतो आणि भावाच्या बळावर आणखी वर जातो. वास्तविक तिथेच थांबायचे असते आणि त्रास वाढला तर दर्शन सोडून खाली उतरायचे असते. तरुणांनी तर फुशारकी मारूच नये. धावण्याच्या शर्यतीतले पदक उंची बाधण्यापासून वाचवत नाही; उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि लवकर आजारी पडतो.

तिसरा आक्षेप यंत्राचा. हेलिकॉप्टर आहेच, शिवाय मार्च 2025 मध्ये केंद्राने सोनप्रयाग ते केदारनाथ या 12.9 किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली, खर्च 4,081 कोटी रुपये. आठ-नऊ तासांची वाट 36 मिनिटांवर येईल. गुडघे गेलेल्यांसाठी ही सोय मोलाची आहे, थट्टेचा विषय नाही. पण तिच्यात वाचतात ते पाय. शरीराला उंचीची ओळख करून द्यायला जो वेळ मिळत होता, तोही गेला. इतर यात्रांत निदान तपासणी तरी होते: अमरनाथला 13 ते 70 हे वय आणि डॉक्टरचा दाखला पाहतात. लिपुलेखमार्गे कैलासला जाणाऱ्यांची दिल्लीत तपासणी होते आणि वर गुंजीला पुन्हा. आपल्या दारी नोंदणी झाली की आम्ही निघालो.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे: रजा. वाढीव दिवस म्हणजे कापलेला पगार, लॉजचे भाडे, घरी म्हाताऱ्यांपाशी कोणी थांबायचे याची विवंचना. यातून वाट एकच दिसते, बद्रीनाथ पुढच्या वर्षावर टाकायचे आणि वाचलेल्या रात्री गुप्तकाशी, गौरीकुंड, जमल्यास लिंचोली यांना द्यायच्या. निघण्याआधी डॉक्टरला दाखवायचे, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर. तेव्हा उंची कमी करणे आपल्या अखत्यारीत नसल्यास दुसरी विनंती अशी की, डोलीच्या मुक्कामांचे वेळापत्रक मंदिर समितीच्या शिक्क्यानिशी आम्हांस पाठवावे. रजेच्या अर्जाला जोडता येईल. खुद्द देवाला चार दिवस लागतात म्हटल्यावर साहेब सही करतील असे वाटते. न केल्यास त्यांनाच सात दिवसांच्या पॅकेजात आपल्याकडे धाडण्यात येईल.

आपला,
रजा शिल्लक नसलेला एक वसईकर